इलिनॉय फुटबॉल २०२५ : दहा विजयांनंतर अपेक्षा नेमकी किती ठेवावी?

करवीरकर — १३ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. मूळ गाव कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला, चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळालाही फुटबॉलच म्हणतात हे पचवायला जवळजवळ एक हंगाम लागला. आता मात्र शनिवार उजाडला की नारिंगी सदरा चढवून मेमोरियल स्टेडियमकडे चालू लागणाऱ्यांत मीही असतो, आणि निकाल विरुद्ध गेला तर रविवारी प्रयोगशाळेत कोणाशी बोलत नाही.

मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलो. त्या वर्षी आमचा संघ ८-५ (आठ विजय, पाच पराभव) होता, पुढच्या वर्षी ५-७ झाला, आणि गेल्या वर्षी १०-३. मिशिगनला २१-७ असे हरवले त्या दिवशी मी विद्यार्थ्यांच्या कठड्यावरून मैदानात उतरलेल्या गर्दीत होतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सिट्रस बाउल या हंगामोत्तर सामन्यात साउथ कॅरोलायनाला २१-१७ असे नमवले. आता नव्या हंगामाच्या आधीच्या एपी (असोसिएटेड प्रेस) क्रमवारीत आम्ही बारावे आहोत. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा ल्यूक ऑल्टमायर परत आला आहे, त्याचे रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचे पाचही जण परत आले आहेत, आणि ओरेगन, पेन स्टेट व मिशिगन हे तिन्ही संघ यंदा आमच्या वेळापत्रकात नाहीत.

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये बारा संघ असतात, आणि पाचव्या ते आठव्या मानांकनाच्या संघांना पहिल्या फेरीचा सामना स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतो. यंदा ते सामने १९ आणि २० डिसेंबरला आहेत. माझ्या मित्रमंडळींनी असे ठरवून टाकले आहे की २० डिसेंबरला शॅम्पेनमध्ये प्लेऑफचा सामना होणार, आणि म्हणून भारताचे तिकीट कोणीही त्याआधीचे काढायचे नाही. आई दर रविवारी तारीख विचारते. तिकिटाचे दर रोज चढत आहेत. आठवडाभर थांबलो तर शंभर-दीडशे डॉलर सहज वाढतील, आणि डिसेंबरअखेरीपर्यंत लांबवले तर मुंबईला पोहोचेपर्यंत सुट्टीच संपेल.

जाणकारांनी कृपया सांगावे की या संघाकडून नेमकी किती अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे ठरेल. उत्साहावर पाणी ओतलेले चालेल.


नेपरविलकर — १३ ऑगस्ट २०२५

करवीरकर, तिकीट आजच काढा. एवढ्यावर थांबलो तर तुमचे मित्र मला निराशावादी म्हणतील, म्हणून सविस्तर लिहितो.

मी २००० साली अर्बानाला एमएस करायला आलो. माझ्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, कर्ट किटनर क्वार्टरबॅक होता, ब्रँडन लॉइड रिसीव्हर (पास झेलणारा) होता, रॉन टर्नर प्रशिक्षक होते, आणि आम्ही १०-१ अशा कामगिरीवर बिग टेन या आमच्या परिषदेचे विजेतेपद एकट्याने मिळवले. शुगर बाउलमध्ये एलएसयूने आम्हाला ४७-३४ असे हरवले, तरी आमची मान ताठच होती. आम्हालाही तेव्हा वाटले होते की आता आपले दिवस आले. पुढच्या वर्षी संघ ५-७ झाला. त्याच्या पुढच्या वर्षी १-११. त्या २००२ च्या हंगामात सोल्जर फील्डचे काम चालू असल्यामुळे शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे घरचे सामनेही शॅम्पेनमध्येच होत असत, त्यामुळे शनिवारी आमचा पराभव आणि रविवारी त्यांचा, असा दुहेरी रतीब आम्हाला मिळाला.

एकच उदाहरण असते तर मी ते अपवाद म्हणून सोडून दिले असते. परंतु २००७ मध्ये आम्ही कोलंबसला जाऊन अव्वल क्रमांकाच्या ओहायो स्टेटला २८-२१ असे हरवले, रोज बाउलला गेलो, तेथे यूएससीकडून ४९-१७ असा मार खाल्ला, आणि ९-४ असा हंगाम संपवला. २००८ मध्ये क्वार्टरबॅक ज्यूस विल्यम्स परत आला होता. तुमचे मित्र आज ऑल्टमायरविषयी जे बोलतात तेच आम्ही तेव्हा त्याच्याविषयी बोलत होतो. गंमत अशी की पासिंगचे त्याचे आकडे आधीच्या वर्षापेक्षा पुष्कळ सुधारले, आणि संघ ५-७ झाला. चेंडू घेऊन धावणारा रशार्ड मेंडेनहॉल एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये निघून गेला होता, आणि त्याने जी जागा रिकामी केली ती क्वार्टरबॅकच्या हाताने भरली जाणारी नव्हती.

तिसरे उदाहरण तुम्ही स्वतः पाहिले आहे. २०२२ चा ८-५ चा संघ बचावाच्या जोरावर उभा होता. त्यातला डेव्हन विदरस्पून एनएफएलच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर गेला, चेस ब्राउन गेला, आणि बचावाचे सूत्रधार रायन वॉल्टर्स पर्ड्यूचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. पुढचे वर्ष ५-७.

या विद्यापीठाच्या इतिहासात दहा सामने जिंकलेले हंगाम हाताच्या पाच बोटांवर मोजता येतात : १९०२, १९८३, १९८९, २००१ आणि २०२४. अकरा विजय आजवर एकदाही मिळालेले नाहीत. १९८३ नंतर संघ ७-४ झाला, १९८९ नंतर ८-४. चांगल्या वर्षानंतर दोन ते पाच विजय कमी, हा आमच्या घराण्याचा जुना रिवाज आहे, आणि आमच्या पिढीने त्याला ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ असे साधे नाव दिले आहे.

आता यंदाचे वेगळेपणही मान्य केले पाहिजे, नाहीतर ते अन्यायाचे होईल. २०२२ नंतर जसे बचावाचे प्रशिक्षक गेले तसे यंदा झालेले नाही. आरन हेन्री आणि आक्रमणाचे बॅरी लनी हे दोघेही जागेवर आहेत. बचावात गेब जॅकस परतला आहे, झेव्हियर स्कॉट परतला आहे. गेले आहेत ते मुख्यतः रिसीव्हर. पॅट ब्रायंटने गेल्या वर्षी ९८४ यार्ड आणि १० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) केले होते आणि त्याला डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत उचलले. झखारी फ्रँकलिनचीही महाविद्यालयात खेळण्याची मुदत संपली. वेस्ट व्हर्जिनियाहून हडसन क्लेमेंट आला आहे, परंतु तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) आठ यार्ड हवे असताना डोळे मिटून ज्याच्याकडे चेंडू फेकावा असा माणूस एका उन्हाळ्यात तयार होत नाही. त्यामुळे संघ ५-७ पर्यंत घसरेल असे मला वाटत नाही. मुख्य प्रशिक्षक बिलेमांनी या संघाची जमीन उंच केली आहे. छत तेवढेच उंच झाले आहे असे मात्र कोणी समजू नये.


आकडेमोड — १४ ऑगस्ट २०२५

नेपरविलकरांनी इतिहास मांडला आहे. मी फक्त गेल्या वर्षाचे गुण मांडतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर १९०२ मध्ये नसून २०२४ च्या तेरा सामन्यांतच आहे.

इलिनॉयने गेल्या वर्षी एकूण ३६८ गुण केले आणि २८२ दिले. बेसबॉलसाठी बिल जेम्स यांनी शोधलेले एक सूत्र आहे, ज्यात केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या वर्गांवरून संघाने साधारण किती सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज निघतो. अमेरिकन फुटबॉलसाठी वर्गाऐवजी २.३७ हा घातांक वापरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने या संघाचे तेरापैकी साडेआठ विजय निघतात. प्रत्यक्षात दहा मिळाले. त्यातून ईस्टर्न इलिनॉयसारख्या खालच्या विभागातील संघाविरुद्धचा ४५-० हा सामना बाजूला काढला आणि उरलेल्या बारांचा हिशेब केला, तर त्या बारांत जेमतेम सात विजय येतात, म्हणजे एकूण आठच. १०-३ या आकड्याआड ८-५ चा संघ लपलेला होता, असे मी म्हणतो ते यामुळे.

हा फरक कोठून आला हे शोधणे अवघड नाही. एका टचडाउनच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने पाहा. कॅन्ससला २३-१७, नेब्रास्काला ओव्हरटाइममध्ये ३१-२४, पर्ड्यूला ओव्हरटाइममध्ये ५०-४९, रटगर्सला ३८-३१ आणि साउथ कॅरोलायनाला २१-१७. हे पाच विजय. पराभव एकच, मिनेसोटाकडून २५-१७. असे सहा सामने नाणे उडवून ठरवले असते तर सरासरीने तीन जिंकलो आणि तीन हरलो असतो, आणि हंगाम ८-५ वर आला असता. पहिल्या हिशेबाने जो आकडा दिला तोच हा दुसरा हिशेब देतो, आणि दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

या पाचांपैकी दोन सामन्यांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ‘नशीब’ हा शब्द मी उगाच वापरत आहे असे वाटेल. पर्ड्यूचा संघ गेल्या वर्षी १-११ होता. नेपरविलकरांनी उल्लेख केलेले वॉल्टर्स त्याचेच प्रशिक्षक होते आणि हंगाम संपताच त्यांना काढण्यात आले. त्या संघाविरुद्ध आम्ही स्वतःच्या मैदानावर मोठी आघाडी घालवली, ओव्हरटाइममध्ये आधी टचडाउन केला, त्यांनीही केला, आणि मग बरोबरीचा एक गुण घेण्याऐवजी त्यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला. तो फसला म्हणून आम्ही वाचलो. रटगर्सविरुद्ध शेवटची काही सेकंदे उरली असताना आम्ही एका गुणाने मागे होतो आणि आमच्या किकरने फार लांबून फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन गुण) मारायचा प्रयत्न केला. चेंडू चुकला. परंतु किकरला अस्वस्थ करण्यासाठी रटगर्सच्या प्रशिक्षकांनी त्याच्या क्षणभर आधी टाइमआउट घेतला होता, त्यामुळे ती किक धरली गेली नाही. बिलेमांनी विचार बदलला, चौथ्या डाउनला ऑल्टमायरला पाठवले, आणि त्याने ब्रायंटला चाळीस यार्डांचा टचडाउन दिला. त्या प्रशिक्षकांनी टाइमआउट खिशातच ठेवला असता तर आम्ही हरलो होतो. हा निर्णय धाडसी होता हे मी नाकारत नाही, पण प्रतिस्पर्धी दरवर्षी इतके उपकार करत नाहीत.

अटीतटीच्या सामन्यांतील यश पुढच्या वर्षी टिकत नाही, हे या खेळातले बऱ्यापैकी पक्के निरीक्षण आहे. टीसीयूने २०२२ मध्ये असेच सामने एकामागून एक खेचून १३-२ असा हंगाम केला, अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून ६५-७ असा पराभव पत्करला, आणि २०२३ मध्ये तो संघ ५-७ होता. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-१ होता, २०२४ ला सुरुवात करताना क्रमवारीत दहावा होता, आणि त्याने तो हंगाम २-१० असा संपवला. वॉशिंग्टन १४-१ वरून ६-७ वर आला. या तिघांनी क्वार्टरबॅकसह पुष्कळ खेळाडू गमावले होते आणि आम्ही गमावलेले नाहीत, म्हणून मी इलिनॉयला त्यांच्या रांगेत बसवत नाही. पण हंगामाआधीची क्रमवारी म्हणजे गेल्या वर्षीच्या निकालांची सावली असते, हे त्यांच्यावरून समजते.

ऑल्टमायरविषयीही एक शंका नोंदवून ठेवतो. २०२३ मध्ये त्याचे १३ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होते. २०२४ मध्ये २२ आणि ६. सुधारणा खरी आहे असे मला वाटते, पण ती पूर्णच्या पूर्ण टिकेल आणि वर आणखी वाढेल असे धरून चालणे म्हणजे उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधणे होय.

माझा आकडा : बारा सामन्यांत ८-४. चूक झालीच तर एखादा सामना इकडे किंवा तिकडे.


मोनरोकाउंटी — १४ ऑगस्ट २०२५

मी इंडियानात, ब्लूमिंग्टनला राहतो, म्हणजे तुमच्या लेखी शत्रुपक्षातला. तरीही थोडा विरोध नोंदवतो.

आमचा संघ २०२३ मध्ये ३-९ होता. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, येताना जेम्स मॅडिसनहून आपले खेळाडू घेऊन आले, आणि २०२४ च्या साखळीत आम्ही ११-१ झालो. इंडियानाचा इतिहास पाहून कोणी अंदाज बांधला असता तर तो पूर्ण चुकला असता, कारण आमचा इतिहास तुमच्यापेक्षाही केविलवाणा आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ट्रान्सफर पोर्टल ही व्यवस्था आल्यापासून खेळाडू दरवर्षी बदलतात, आणि १ जुलैपासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. अशा काळात २००२ चा किंवा २००८ चा दाखला कितपत लागू होतो याविषयी मला शंका आहे. १९८४ चा तर नाहीच. यंदा आम्ही कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आणला आहे. जुन्या काळी असे माणूस विकत घ्यायला मिळत नसे.

मात्र करवीरकर यांच्या मूळ प्रश्नावर माझे उत्तर तेच आहे, आणि कारण वेगळे आहे. ११-१ असूनही गेल्या वर्षी आम्हाला दहावे मानांकन मिळाले आणि पहिल्या फेरीसाठी नोटर डेमला जावे लागले. तेथे आम्ही २७-१७ असे हरलो. त्याच वर्षी ओहायो स्टेटला १०-२ असूनही स्वतःच्या मैदानावर सामना मिळाला, कारण त्यांचे नाव ओहायो स्टेट आहे आणि त्यांचे वेळापत्रक आमच्यापेक्षा कठीण होते. याचा अर्थ असा की प्लेऑफमध्ये पोहोचणे आणि शॅम्पेनमध्ये प्लेऑफ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमचे मित्र दुसऱ्या गोष्टीसाठी तिकीट अडवून बसले आहेत. तिच्यासाठी इलिनॉयला बहुधा ११-१ लागेल, आणि नेपरविलकरांच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही आजवर अकरा सामने कधी जिंकलेलेच नाहीत.

शिवाय २० सप्टेंबरला तुम्ही आमच्याकडे येत आहात. तो सामना तुमचा आहे असे वेळापत्रकात धरू नका, एवढे शेजारधर्म म्हणून सांगतो.


करवीरकर — १४ ऑगस्ट २०२५

सर्वांचे आभार. घरच्या मैदानाचा मुद्दा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, हे कबूल करायला लाज वाटते. आम्ही बारावे स्थान आणि बारा संघ एवढेच जुळवून बसलो होतो.

एक विनंती आहे. नेपरविलकर, वेळापत्रकातील कोणते सामने तुम्ही कोणत्या रकान्यात टाकता ते सांगाल का? ८-४ हा आकडा प्रयोगशाळेत सांगितला की प्रत्येकजण ‘ते चार कोणते?’ असे विचारतो.


नेपरविलकर — १५ ऑगस्ट २०२५

सात सामने घरी आहेत आणि पाच बाहेर, ही पहिली समाधानाची बाब आहे. वेस्टर्न इलिनॉय आणि वेस्टर्न मिशिगन हे दोन सामने जिंकलेच पाहिजेत. नॉर्थवेस्टर्न घरी आहे, मेरीलँड घरी आहे, पर्ड्यू बाहेर आहे पण नव्याने उभा राहत असलेला संघ आहे. हे पाच मी विजयाच्या रकान्यात पेनाने लिहितो, पर्ड्यूचा मात्र पेन्सिलीने, कारण गेल्या वर्षीच्या त्या ५०-४९ ने माझ्या आयुष्यातले बहुधा एक वर्ष कमी केले आहे.

ओहायो स्टेट ११ ऑक्टोबरला शॅम्पेनमध्ये येत आहे. तो गतविजेता संघ आहे. तो सामना पराभवाच्या रकान्यात टाकून स्टेडियममध्ये जावे. जिंकलात तर देवाची कृपा समजावी.

राहिले सहा : ड्यूक, इंडियाना, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन हे बाहेरचे, आणि यूएससी व रटगर्स हे घरचे. सगळा हंगाम या सहांत आहे. ड्यूकला लोक हलके घेत आहेत, ते मला पटत नाही. मॅनी डियाझ यांच्या पहिल्याच वर्षी तो संघ ९-४ झाला आणि यंदा त्यांनी टुलेनहून डेरियन मेन्सा हा चांगला क्वार्टरबॅक आणला आहे. शिवाय तो आमचा दुसराच सामना आहे, तेव्हा नवे रिसीव्हर ऑल्टमायरच्या हाताला अजून सरावलेले नसतील. यूएससी आमच्या घरी येण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही ब्लूमिंग्टनला असू, म्हणजे दमलेल्या अंगाने लागोपाठ दोन मोठे सामने. वॉशिंग्टनचा सामना २५ ऑक्टोबरला आहे. ओहायो स्टेटनंतर एक आठवडा विश्रांती आहे हे बरे, पण सिअ‍ॅटलपर्यंतचा प्रवास आणि तेथील गोंगाट लहान नाही. बिग टेन आता अठरा संघांची झाल्यामुळे दोन हजार मैलांवरच्या विद्यापीठालाही ‘आपल्या परिषदेतले’ म्हणावे लागते, ही एक वेगळीच करमणूक आहे. विस्कॉन्सिन हे बिलेमांचे जुने घर. तेथे नोव्हेंबरच्या थंडीत खेळायचे आहे.

या सहांपैकी तीन जिंकले तर ८-४. चार जिंकले तर ९-३, आणि तरीही मोनरोकाउंटी म्हणतात त्याप्रमाणे २० डिसेंबरला शॅम्पेनमध्ये बर्फाशिवाय काही नसेल. पाच जिंकून १०-२ झाले तर प्लेऑफची चर्चा खरी होईल. सहाही जिंकायचे असतील तर गेल्या वर्षीसारखे पाच-सहा टाइमआउट प्रतिस्पर्ध्यांनी आमच्या सोयीने घ्यावे लागतील.

मित्रांना सांगायचे असेल तर असे सांगा : निश्चित पराभव एक, आणि उरलेले तीन या सहांत दडलेले आहेत. नेमके कोणते हे मला कळत असते तर मी नेपरविलमध्ये सॉफ्टवेअर तपासत बसलो नसतो.


करवीरकर — २१ सप्टेंबर २०२५

धागा वर आणतो आहे. काल ब्लूमिंग्टनला गेलो होतो. चार तासांचा प्रवास करून ६३-१० पाहिले.

तीन आठवडे सर्व काही ठीक चालले होते, हे लिहून ठेवले पाहिजे. वेस्टर्न इलिनॉय ५२-३, ड्यूक ४५-१९, वेस्टर्न मिशिगन ३८-०. ड्यूकच्या सामन्यानंतर तर आकडेमोड यांचा ८-४ हा आकडा प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून त्याखाली लोकांनी बरेच काही लिहिले होते, ते येथे देत नाही. आम्ही क्रमवारीत नववे झालो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसे आम्ही तीन गाड्या भरून निघालो.

मेंडोझाने तेवीस पास टाकले आणि त्यांपैकी एकवीस पोहोचवले. पाच टचडाउन. आमची जी ऑफेन्सिव्ह लाइन पाचच्या पाच परत आली म्हणून मी ऑगस्टमध्ये येथे अभिमानाने लिहिले होते, ती काल ऑल्टमायरला वाचवू शकली नाही. तो उठतो न उठतो तोच पुन्हा खाली जात होता. परतल्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही. डॅनव्हिल ओलांडल्यावर मागच्या सीटवरून एकाने विचारले, ‘तू तिकीट काढलेस ना?’ मी हो म्हणालो. १३ डिसेंबरचे, शिकागोहून. ते १६ ऑगस्टलाच काढले होते, फक्त कोणाला सांगितले नव्हते.

मोनरोकाउंटी, तुम्ही सावध केले होते. अभिनंदन.

आता एक नवा प्रश्न. पुढच्या शनिवारी यूएससी आहे. इतक्या मोठ्या पराभवानंतर ८-४ ही अपेक्षासुद्धा आता फुगवलेली ठरते का?


मोनरोकाउंटी — २१ सप्टेंबर २०२५

आभार. खरे सांगायचे तर मलाही सात-दहा गुणांचा सामना वाटला होता. ६३ हा आकडा आमच्याही अपेक्षेत बसत नव्हता, तेव्हा अपेक्षा चुकण्याची मक्तेदारी तुमच्याकडेच आहे असे समजू नका.


आकडेमोड — २८ सप्टेंबर २०२५

करवीरकर, मुद्दाम आठवडाभर थांबून उत्तर देतो आहे, कारण २१ तारखेला कोणीही जे लिहिले असते ते रागाच्या भरात लिहिले असते.

काल यूएससीविरुद्ध शेवटच्या क्षणी आपला किकर ओलानो याने ४१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि आपण ३४-३२ असे जिंकलो. आता ४-१. गुणांच्या सूत्राला ५३ गुणांचा एक पराभव फार झोंबतो, त्यामुळे त्याचा आकडा सध्या विश्वासार्ह नाही. एका पराभवाची किंमत क्रमवारीच्या हिशेबात एकच सामना असते, मग तो तीन गुणांचा असो वा त्रेपन्नचा. मात्र त्या सामन्यात लाइनविषयी जे दिसले ते मी विसरायला तयार नाही. ओहायो स्टेट आणि वॉशिंग्टन यांनीही ते चित्रीकरण पाहिलेले असणार.

दुसरीकडे, काल जिंकलेला सामना दोन गुणांचा होता. गेल्या वर्षीचे पाच-एक आणि हे एक, असे अटीतटीच्या सामन्यांत आता सहा-एक झाले आहे. कोणी म्हणेल की यावरून बिलेमांना असे सामने जिंकण्याची हातोटी आहे असे दिसते. तसे असेलही. सात सामन्यांवरून मी तसे म्हणणार नाही, आणि किक दोन हात डावीकडे गेली असती तर हा परिच्छेद कोणीच लिहिला नसता.

नेपरविलकरांच्या सहा सामन्यांपैकी आता तीन झाले आहेत : दोन विजय, एक पराभव. उरलेले वॉशिंग्टन, रटगर्स आणि विस्कॉन्सिन. त्यांतला एक जिंकला आणि पेनाने लिहिलेले सर्व तसेच पडले तर ८-४. फळ्यावरचा आकडा पुसला असेल तर पुन्हा लिहा.


नेपरविलकर — २८ सप्टेंबर २०२५

मीही काल मैदानात होतो. ती किक दोन हात डावीकडे गेलेली नाही, एवढ्यावर आज मी समाधानी आहे. पर्ड्यूचा सामना मात्र अजूनही पेन्सिलीनेच लिहिलेला आहे, आणि तो येत्या शनिवारी आहे.